भावाचा अर्ज भरून दिला, स्वतःचा कोराच ठेवला

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि मुलगा तिच्याहून दीड वर्षाने लहान. दोघांनाही गणित आवडते. पण त्यात मुलगी निश्चितच पुढे आहे, मुलगा अडला की तिच्याकडेच जातो. गेल्या वर्षी दोघेही एका गणित स्पर्धेला बसले होते. मुलीची दुसरी फेरी दोन गुणांनी हुकली, मुलाची अकरा गुणांनी. या वर्षीचे अर्ज आले तेव्हा मुलाने त्याच संध्याकाळी अर्ज भरायला घेतला आणि बहिणीचे अक्षर चांगले म्हणून तिच्याकडूनच भरून घेतला. तिचा स्वतःचा अर्ज मात्र वहीखाली कोरा पडून आहे. विचारले तर म्हणते, ‘मी त्यातली नाही.’ तिचे बाबा म्हणतात, मुलींना मुळातच चुरस नको असते, तू मागे लागू नकोस. मागे लागले तर ती गणितावरच चिडेल अशी भीती वाटते आणि गप्प बसले तर संधी माझ्यामुळे गेली असे मनाला लागून राहील. मुदत संपायला तीन आठवडे आहेत. मुलींमध्ये स्पर्धेची वृत्ती खरोखरच कमी असते का? मी काय करावे?
— एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले : भावाचा अर्ज तिने भरून दिला. ज्या मुलीच्या मनातून ती स्पर्धा पार उतरली असेल, ती तो कागद हातातसुद्धा घेत नाही. ‘तुझा तू भर’ म्हणून मोकळी होते. तुमची मुलगी मात्र तो घेऊन बसली, सूचना वाचल्या, एकेक रकाना नीट अक्षरात भरला, आणि तेवढे सगळे करूनही स्वतःचे नाव तिने कुठेच घातले नाही. स्पर्धेबद्दल स्त्री-पुरुषांमध्ये जो फरक संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळला आहे, तो बहुतांशी याच जागी आहे. काम येते की नाही इथे तो फारसा दिसत नाही. नाव नोंदवायचे की नाही या क्षणी तो ठळकपणे दिसतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देण्याऐवजी, तो क्षण नेमका कसा असतो हे आधी सांगते.

म्युरिएल नीडर्ले आणि लिझ व्हेस्टरलुंड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात झालेल्या या प्रयोगात 40 पुरुष आणि 40 स्त्रिया होत्या. त्यांचे चौघाचौघांचे गट केले होते आणि प्रत्येक गटात दोन पुरुष, दोन स्त्रिया होत्या. काम अगदी साधे होते : दोन अंकी पाच संख्यांची बेरीज करायची, पाच मिनिटांत जितक्या होतील तितक्या. पहिल्या फेरीत प्रत्येक बरोबर बेरजेला 50 सेंट मिळत. दुसऱ्या फेरीत चौघांत जो पहिला येईल त्याला प्रत्येक बेरजेला 2 डॉलर मिळत आणि उरलेल्या तिघांना काहीच मिळत नसे. दोन्ही फेऱ्यांत पुरुषांचे आणि स्त्रियांचे काम जवळपास सारखेच झाले. त्यानंतर तिसऱ्या फेरीपूर्वी प्रत्येकाला विचारले गेले की, आता मोबदला कोणत्या पद्धतीने हवा, नुसता बेरजांप्रमाणे की चुरशीचा? 73 टक्के पुरुषांनी चुरस पत्करली. स्त्रियांपैकी 35 टक्क्यांनी.

हे आकडे बरेच ठिकाणी उद्धृत होतात आणि त्यावरून ‘स्त्रिया स्पर्धेला भितात’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण त्या प्रयोगाचा पुढचा भाग तुमच्या घरातल्या प्रसंगाशी जास्त जुळतो. चुरशीत उतरून ज्यांचा फायदाच झाला असता अशा कितीतरी हुशार स्त्रिया बाहेर राहिल्या, आणि ज्यांनी बाहेर राहणे शहाणपणाचे ठरले असते असे कितीतरी पुरुष आत शिरले. आपण गटात कितवे आलो असू असे विचारल्यावर 75 टक्के पुरुषांनी ‘पहिला’ असे सांगितले, आणि स्त्रियांपैकी 43 टक्क्यांनी. चौघांच्या गटात पहिला एकच असू शकतो, म्हणजे हिशेबाने हा आकडा 25 च्या आसपास यायला हवा होता. आपल्याविषयीचा अंदाज दोघांचाही चढाच होता. पुरुषांचा फार जास्त चढा होता, इतकेच. या अंदाजामुळे दोघांमधल्या फरकाचा काही भाग उलगडतो. उरलेला भाग त्या चुरशीच्या वातावरणाबद्दल काय वाटते, तिथे जावेसे वाटते की नाही, याच्याशी जोडलेला आहे.

आता तुमची दोन मुले या चित्रात ठेवून पाहा. दोन गुणांनी हुकलेली मुलगी कचरते आहे आणि अकरा गुणांनी हुकलेला मुलगा त्याच संध्याकाळी तयार आहे. ‘ही भित्री, तो धाडसी’ असा अर्थ यातून काढू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोघांनीही आपल्या गेल्या वर्षीच्या गुणांचा अर्थ आपापल्या परीने लावला आहे, आणि दोघांचेही अर्थ चुकलेले असू शकतात.

या गुणांच्या अर्थाविषयीच आणखी एक अभ्यास आहे आणि तो योगायोगाने गणिताच्या स्पर्धेचाच आहे. नेदरलँड्समधील गणित ऑलिंपियाडच्या नोंदी घेऊन थॉमस ब्यूसर आणि हुआईपिंग युआन यांनी असे तपासले की, पहिल्या फेरीत ज्यांची पुढची फेरी थोडक्यात हुकली आणि ज्यांना ती थोडक्यात मिळाली, ती मुले पुढच्या वर्षी परत येतात का. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलग्यांच्या बाबतीत हुकण्याचा फारसा परिणाम दिसला नाही. ते येत राहिले. थोडक्यात हुकलेल्या मुली मात्र पुढच्या वर्षी परत येण्याचे प्रमाण कमी झाले. थोडक्यात हुकणे आणि थोडक्यात मिळणे यांत गणिताच्या समजेचा फरक जवळजवळ नसतो. एखादे उदाहरण घाईत चुकले, एखादे वेळेअभावी राहिले, एवढाच तो फरक. तरीही त्या रेषेच्या अलीकडे राहिलेल्या मुलीने त्यातून ‘मी त्यातली नाही’ असा निकाल स्वतःवर दिला. तुमच्या मुलीने उच्चारलेले वाक्य मला या अभ्यासाच्या इतके जवळचे वाटले की, पत्र वाचताना मन थोडे हेलावले. ती एकटी अशी नाही, हे तिला तुम्ही जरूर सांगा. आपल्यात काही उणे आहे असे वाटणाऱ्या मुलीला, आपल्यासारख्याच हुशार अनेक मुली नेमक्या याच जागी थांबल्या आहेत हे कळले, तर त्या थांबण्याकडे ती जरा अंतरावरून पाहू शकते.

तिच्या बाबांच्या ‘मुळातच’ या शब्दाचा आता विचार करू. ते हे प्रेमापोटी म्हणत आहेत, लेकीवर ओझे पडू नये म्हणून म्हणत आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण ‘मुळातच’ हा फार जड शब्द आहे आणि उपलब्ध पुरावा त्याला पुरेसा आधार देत नाही. युरी ग्नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट यांनी टांझानियातील मासाई आणि मेघालयातील खासी अशा दोन समाजांत एकच खेळ खेळवला, त्याचे निष्कर्ष 2009 साली आले. तीन मीटर अंतरावरच्या बादलीत टेनिसचा चेंडू दहा वेळा टाकायचा. मोबदला प्रत्येक यशस्वी फेकीमागे घ्यायचा, किंवा समोर न दिसणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त चेंडू पडले तरच तिप्पट घ्यायचा, हे ज्याने त्याने ठरवायचे. मासाई समाज कडक पितृसत्ताक आहे. तिथे 50 टक्के पुरुषांनी आणि 26 टक्के स्त्रियांनी चुरशीचा मार्ग घेतला. खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि घराचा वारसा धाकट्या मुलीकडे जातो. तिथे 54 टक्के स्त्रियांनी चुरस निवडली आणि 39 टक्के पुरुषांनी. दोन समाजांवरून साऱ्या मानवजातीविषयी बोलू नये हे खरेच, पण ज्या गोष्टीची दिशाच एका समाजातून दुसऱ्या समाजात गेल्यावर उलटते, तिला ‘मुळातच’ म्हणणे मला पटत नाही.

लहान मुलांच्या बाबतीतही असेच दिसले आहे. इस्रायलमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना 40 मीटर आधी एकेकटे आणि मग साधारण तितक्याच वेगाच्या जोडीदाराबरोबर धावायला लावले, तेव्हा जोडीने धावताना मुलगे जास्त वेगाने धावले आणि मुलींच्या वेगात तशी वाढ झाली नाही. हा अभ्यास 2004 चा. पुढे स्वीडनमध्ये शाळकरी मुलामुलींना धावणे, दोरीवरच्या उड्या आणि नृत्य यांत चुरस देऊन पाहिली, तेव्हा 2011 च्या त्या अभ्यासात असा फरक सापडलाच नाही. इंग्लंडमधील दोन परगण्यांतल्या शाळांच्या अभ्यासात, फक्त मुलींच्या शाळेत शिकणाऱ्या मुलींनी चुरशीचा पर्याय निवडण्याचे प्रमाण मुलग्यांच्या जवळपास होते. मिश्र शाळांतल्या मुली मागे होत्या. आणि ग्नीझी, नीडर्ले व रुस्टिचिनी यांचा 2003 चा जो प्रयोग या साऱ्या संशोधनाच्या आरंभी आहे, त्यातही हेच सूत्र आहे. चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी सोडवताना, पुरुषही गटात असले की चुरशीमुळे पुरुषांचीच कामगिरी लक्षणीय वाढली. पण गटात फक्त स्त्रिया असताना त्याच चुरशीने स्त्रियांचीही कामगिरी वाढली. म्हणजे चुरस त्यांना वर्ज्य नव्हती. कोणासमोर आणि कोणाबरोबर, याने फरक पडला.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : ज्या देशांत हे प्रयोग सर्वाधिक झाले, तिथे स्पर्धेत उतरण्याच्या निर्णयात स्त्री-पुरुषांच्या सरासरीत फरक बऱ्याचदा आढळतो, तो काम कोणते, सोबत कोण, वेळेची घाई किती आणि प्रश्न कसा विचारला यांवरून कमीजास्त होतो, कधी कधी नाहीसाही होतो, आणि सरासरीवरून कोणत्याही एका मुलीविषयी काही ठरवता येत नाही. बेरजांच्या त्या पहिल्या प्रयोगात 35 टक्के स्त्रिया चुरशीत उतरल्या होत्या आणि 27 टक्के पुरुष उतरले नव्हते, हे विसरून चालणार नाही. ‘तू मुलगी आहेस म्हणून तुला चुरस नको असणार’ हे वाक्य घरात, अगदी मायेनेसुद्धा, बोलले जाऊ नये. चौदाव्या वर्षी मुले आपल्याविषयी ऐकलेली वाक्ये उचलतात आणि नंतर ती आपलीच म्हणून बोलू लागतात. ‘मी त्यातली नाही’ हे वाक्य कुठून आले असेल, याचा तुम्ही दोघांनी मिळून शांतपणे विचार करा. मी कोणाला दोष देत नाही. बाबांशी हे बोलताना तुम्हीही देऊ नका.

आता, करायचे काय? अर्जाचा विषय आठवडाभर बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका काढा. उत्तरपत्रिका परत मिळाली असेल तर फारच छान. नसेल तर तिच्या आठवणीवर काम भागेल. तिला म्हणा, ‘मला यातली दोन गुणांची गोष्ट समजून घ्यायची आहे, दाखवशील का?’ मग प्रत्येक गेलेल्या गुणासमोर एक खूण करायची : हे येतच नव्हते, हे येत होते पण चुकले, किंवा हे कोरे सोडले. मला सर्वात जास्त उत्सुकता या तिसऱ्या खुणेची आहे, आणि तिचे कारण सांगते.

कॅथरिन बाल्डिगा यांनी 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असतील, तर स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडतात, असे त्यात आढळले; तेवढेच ज्ञान असलेल्या पुरुषापेक्षा स्त्रीला त्यामुळे कमी गुण पडतात. गुण कापले जात नाहीत असे सांगितले की दोघेही सगळे प्रश्न सोडवतात आणि हा फरक उरत नाही. तुमच्या मुलीच्या स्पर्धेत चुकीला गुण कापतात का, ते पाहा. कापत असतील तर हा हिशेब तिलाच करायला द्या : पाच पर्याय आहेत, बरोबर उत्तराला 1 गुण, चुकीला पाव गुण वजा. डोळे मिटून खूण केली तर सरासरीने काय पदरात पडेल? उत्तर येईल शून्य, म्हणजे तोटा नाही आणि फायदाही नाही. आता पाचांतला एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढेच कळले असेल तर? राहिलेल्या चारांतून खूण केली की सरासरीने एक-सोळांश गुण हाती लागतो. दोन पर्याय बाद करता आले तर एक-षष्ठांश. गणिताची आवड असलेल्या मुलीला हे उदाहरण आवडेल, आणि ते सोडवता सोडवता तिला स्वतःलाच उमगेल की, अर्धवट कळलेला प्रश्न कोरा सोडणे ही सावधगिरी नसून गुण सोडून देणे आहे. तिने तसे किती प्रश्न सोडले, ते तिचे तिला मोजू दे. त्या कोऱ्या प्रश्नांतच ते दोन गुण दडलेले असण्याची बरीच शक्यता मला वाटते. नसले, तरी कोणत्या भागाचा सराव हवा एवढे कळलेच.

हे करताना भाऊ शेजारी नसावा. त्याच्या गुणांचा उल्लेखही नको, ‘तू तर त्याच्यापेक्षा नऊ गुणांनी पुढे होतीस’ असा कौतुकाचासुद्धा नको. दोन भावंडांमध्ये लावलेली तुलना ही सर्वांत जवळची आणि सर्वांत न संपणारी स्पर्धा असते. तिच्यातून कोणालाच कधी बाहेर पडता येत नाही.

त्यानंतर तीच प्रश्नपत्रिका तिला पुन्हा सोडवू द्या, आधी वेळेचे बंधन न घालता आणि काही दिवसांनी घड्याळ लावून, आणि प्रत्येक वेळी तिने फक्त आपल्या आधीच्या गुणांशी तुलना करावी. याला आधार आहे. कोरेन अपिसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले की, दुसऱ्याशी चुरस करायची की नाही यात स्त्री-पुरुषांत जो फरक दिसतो, तो स्वतःच्याच आधीच्या गुणांशी चुरस करायची असेल तेव्हा दिसत नाही. घड्याळाचीही बाब लहान नाही : ओल्गा शुर्चकोव्हा यांच्या 2012 च्या अभ्यासात काम भाषिक होते आणि घाई नव्हती तेव्हा स्पर्धेतला हा फरक मावळला. तुमच्या मुलीची स्पर्धा गणिताची आहे आणि तिला वेळमर्यादाही असणार, ती आपण बदलू शकत नाही. पण घड्याळाची सवय घरी, निवांतपणे, कोणी निकाल लावत नसताना करून घेता येते. तिच्या ओळखीच्या दोन-तीन मुली याच स्पर्धेला बसणार असतील, तर त्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र सराव केला तर फारच उत्तम.

एक मार्ग तुमच्या हातात नाही, पण तुम्ही तिच्या शिक्षकांना सुचवू शकता. मी स्वतः बरीच वर्षे वर्गात शिकवले आहे. उदाहरण फळ्यावर लिहून ‘कोण येणार?’ असे विचारायची माझी सवय होती. प्रश्न पुरता व्हायच्या आत वर जाणारे हात बहुधा त्याच पाच-सहा मुलग्यांचे असत आणि मी त्यांनाच बोलवत असे; मागच्या बाकावर वहीत उत्तर लिहून झालेली मुलगी मला दिसत असूनही मी तिचे नाव घेत नव्हते, कारण तिने हात वर केला नव्हता. पुढे मी हजेरीच्या क्रमाने बोलवू लागले. ज्याला यायचे नसेल त्याने मान हलवायची, बस. मान हलवणाऱ्या मुली मला वाटल्या होत्या त्याच्या कितीतरी पट कमी निघाल्या. आधीच्या त्या वर्षांची हुरहुर मला आजही आहे. नंतर 2021 साली जॉयस ही, सोनिया कांग आणि निकोला लाचेतेरा यांचे संशोधन वाचले तेव्हा माझ्या फळ्याची आठवण झाली. ‘हवे असेल तर नाव द्या’ असे म्हटले की स्त्रिया मागे राहतात. ‘सगळ्यांची नावे आहेतच, नको असेल तर काढा’ असे म्हटले की तो फरक बराच ओसरतो, असे त्यांना आढळले. गणिताच्या शिक्षकांनी पात्र विद्यार्थ्यांची नावे स्वतःच यादीत घातली आणि नको असेल त्याला ते काढायची मोकळीक दिली, तर तुमच्या मुलीसारख्या आणखी किती मुली आत येतील, याची कल्पना करा. तुर्कस्तानात सुले अलान आणि सेदा एर्ताच यांनी प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांमार्फत एक अभ्यासक्रम राबवला, ज्यात क्षमता प्रयत्नाने वाढते आणि अपयशातून काय शिकायचे हे मुलांना सातत्याने सांगितले गेले. 2019 च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या शाळांत स्पर्धेत उतरण्याबाबतचा मुलामुलींमधला फरक मिटला. शाळेत कसे बोलले जाते याला इतके वजन आहे.

मुलाविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी थोडे लिहिते. अकरा गुणांनी हुकूनही तो पुन्हा उभा आहे ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे कौतुक जरूर करा. पण बेरजांच्या प्रयोगातले, उतरायला नको होते तिथे उतरलेले पुरुष आठवा. त्याच्याही अकरा गुणांवर त्याच तीन खुणा करून घ्या. नुसते नाव देण्याच्या उत्साहाचे कौतुक होत राहिले आणि तयारीविषयी कोणी विचारलेच नाही, तर काही वर्षांनी त्यालाच त्याची किंमत मोजावी लागेल. आणि पुढच्या वेळी त्याचा अर्ज त्याने स्वतः भरावा. अक्षर कसेही असो.

आता तुमची खरी भीती. आठवडा झाला, प्रश्नपत्रिका पाहून झाली, तरी ती नाही म्हणाली तर? तर ते ऐका. फक्त ती नेमकी कशाला नाही म्हणते आहे, हे विचारून घ्या, कारण त्या एका ‘नाही’त अनेक गोष्टी दडलेल्या असू शकतात. ‘पुन्हा हुकले तर सगळे विचारतील’ हे कारण असेल, तर निकाल घराबाहेर कोणालाही सांगितला जाणार नाही असे वचन तुम्ही देऊ शकता आणि ते पाळू शकता. ‘घड्याळ लावून गणित करायला मला आवडत नाही, एकेका उदाहरणावर दोन दिवस विचार करायला आवडते’ असे ती म्हणाली, तर ते मोठे कारण आहे; गणितात आयुष्य घालवणारी बरीच माणसे दोन दिवसच काय, दोन वर्षे एका प्रश्नावर विचार करतात आणि त्यांच्या कामात घंटा वाजत नाही. अशा वेळी स्पर्धा सोडून देण्यात काहीच गैर नाही.

मात्र स्पर्धा सोडणे आणि गणित सोडणे या दोन गोष्टी तिच्या मनात एक होऊ देऊ नका. माझा सगळा जीव या एका मुद्द्यात आहे. नेदरलँड्समध्ये साधारण पंधराव्या वर्षी विद्यार्थ्यांना पुढच्या अभ्यासाची शाखा निवडावी लागते. ब्यूसर, नीडर्ले आणि ऊस्टरबेक यांनी 2014 साली दाखवले की, गणित-विज्ञानाचा भार जास्त असलेल्या शाखा मुलगे मुलींपेक्षा जास्त घेतात, आणि या तफावतीचा सुमारे 20 टक्के भाग स्पर्धेत उतरण्याच्या तयारीतल्या फरकाने उलगडतो. गणितात चांगल्या असलेल्या मुली, चुरस नको म्हणून, गणिताच्या वाटेवरूनच बाजूला होतात, असा त्याचा अर्थ. तुमच्या मुलीपुढेही वर्षा-दोन वर्षांत अशी निवड येईल. तेव्हा ‘मी त्यातली नाही’ हे वाक्य पुन्हा पुढे आले, तर ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या दोन गुणांवरून जन्माला आले होते, हे तिला माहीत असले पाहिजे. ती अर्ज भरो अथवा न भरो, कोऱ्या प्रश्नांची मोजणी मी एवढी लावून धरते आहे ती याचसाठी.

पहिला आठवडा प्रश्नपत्रिकेसाठी, दुसरा सरावासाठी ठेवा. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला एकदाच विचारा, ‘तुझे नाव घालू का, की तू घालतेस?’ आणि ती जे म्हणेल त्यावर त्या दिवशी पुढे काही बोलू नका. नाही म्हणाली तर अर्ज फेकू नका, मुदत संपेपर्यंत तो तिच्या वहीखालीच राहू द्या. शेवटच्या दिवशी मन बदललेली मुले मी पाहिली आहेत. बाबांनाही या तीन आठवड्यांत एक काम द्या. घड्याळ न लावता करायची उदाहरणे तिच्याबरोबर त्यांनी सोडवावीत, आणि ती कुठे अडली यापेक्षा त्यांना स्वतःला कुठे अडले ते तिला मोकळेपणाने विचारावे. अर्ज गेला की नाही हे कळवलेत तर आनंद होईल, पण त्याआधी, गेल्या वर्षी तिने कोरे सोडलेले प्रश्न किती निघाले आणि त्यांतले किती तिला येत होते, ते मला आवर्जून कळवा.